काचेचा मणी कोणाच्या मालकीचा?

केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही लहान असा काचेचा गोल मणी. असे लाखो मणी एका बारीक नळीतून यकृताच्या रोहिणीत सोडले की ते रक्ताबरोबर वाहत जाऊन कर्करोगाच्या गाठीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तेथल्या तेथे किरणोत्सर्गाने गाठ जाळू लागतात. निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या नीलेतून मिळते, गाठ मात्र मुख्यतः रोहिणीवर पोसली जाते. या भेदाचा फायदा घेणारी ही युक्ती आहे. सिरॅमिक वा काचेच्या सूक्ष्म गोलकांतून किरण, औषध किंवा जिवंत पेशी नेमक्या जागी पोहोचविण्याची जी विद्या गेल्या काही दशकांत वाढली, तिच्यातील रुग्णालयांत सर्वाधिक रुजलेला प्रकार हाच.

पक्षाच्या साप्ताहिकात या विषयाचे काय काम, असे काही साथी विचारतील. तालुक्याच्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस वेळेवर मिळत नाही, तेथे काचेच्या मण्यांची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु आज मूठभरांच्या आवाक्यातले तंत्र उद्या नित्याचे होते, आणि त्याची किंमत उद्या कोण ठरविणार याचा निकाल मात्र आजच करारांच्या कागदांवर लागत असतो. कष्टकऱ्यांचा पक्ष त्या वेळी गैरहजर राहिला तर पुढे मोर्चे काढूनही फारसे हाती लागत नाही.

मणी बनविण्याची रीत पाहिली तर त्यात सोन्यामोत्यांचे काही नाही. यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडे वितळवून काच करतात, तिची पूड करतात आणि ती पूड ज्वालेतून खाली सोडतात. प्रत्येक कण क्षणभर वितळतो व पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतो. वीस ते तीस मायक्रॉनचे मणी चाळून घेतात आणि अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. काचेतले साधे यिट्रियम तेथे किरणोत्सर्गी यिट्रियम-९० बनते. हाडांसाठी लागणारे गोलक तर याहून घरगुती वाटावेत. हाडाचेच खनिज असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटची पूड समुद्रशैवालापासून काढलेल्या अल्जिनेटच्या द्रावात कालवायची आणि बुंदी पाडावी तशी सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडायची. थेंब तत्काळ घट्ट होतो. मग हे मणी वाळवून हजार-बाराशे अंश सेल्सिअसला भाजले की अल्जिनेट जळून जाते व त्याच्या जागी छिद्रे उरतात. त्या छिद्रांत प्रतिजैविक भरता येते. अर्थात साहित्य स्वस्त म्हणजे काम सोपे नव्हे. काच झिजून यिट्रियम रक्तात सुटले तर ते हाडांत जाऊन बसते व मज्जेला इजा करते. ही जोखीम टाळण्याचे ज्ञान हेच या मण्याचे खरे मोल आहे. ते ज्ञान कोणाच्या पैशाने मिळाले, हे पाहण्यासारखे आहे.

शरीराशी एकजीव होणारी पहिली काच लॅरी हेंच यांनी फ्लोरिडा विद्यापीठात १९६९ मध्ये बनविली. व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलने बसच्या प्रवासात त्यांना जखमी सैनिकांसाठी अशा पदार्थाची गरज सांगितली, आणि संशोधनाला पैसा अमेरिकन लष्कराने दिला. व्हिएतनामची राखरांगोळी करणाऱ्या खजिन्यातूनच हा उपकारही निघाला, हा इतिहासाचा एक विचित्र हिशेब. पुढे १९८०च्या दशकात मिझुरी राज्याच्या सरकारी विद्यापीठात डेल्बर्ट डे आणि गॅरी एर्हार्ट यांनी यिट्रियमचा मणी सिद्ध केला. तो बाजारात आणणारी कॅनडाची नॉर्डियन कंपनी मुळात कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा महामंडळाचा एक विभाग होती; १९९१ मध्ये ती खासगी हातात गेली.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४८ मध्ये कायदा करून राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ उभारले. पेनिसिलिनचा शोध ब्रिटनमध्ये लागला, पण उत्पादनपद्धतीची पेटंटे अमेरिकन कंपन्यांनी घेतली, हा कडू अनुभव ताजा होता. सार्वजनिक पैशातून लागलेले शोध जनतेच्याच हाती राहावेत हा महामंडळाचा हेतू. थॅचर यांच्या राजवटीत १९८१ मध्ये ते दुसऱ्या एका सरकारी मंडळात मिसळून ब्रिटिश टेक्नॉलॉजी ग्रुप झाला. १९९२ मध्ये तोही खासगी करण्यात आला. याच कंपनीने २०१३ मध्ये नॉर्डियनकडून काचेच्या मण्यांचा धंदा सुमारे २० कोटी डॉलरला विकत घेतला, आणि २०१९ मध्ये ही कंपनीच बोस्टन सायंटिफिक या अमेरिकन कंपनीने ४०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला गिळली. तीन देशांच्या करदात्यांनी घडविलेली वस्तू शेअरबाजारातून फिरत राहिली. एका उपचाराला लाखो रुपये मोजणारा रुग्ण वाळू आणि यिट्रियमची किंमत देत नसतो. या खरेदी-विक्रीचे हप्ते तो फेडत असतो.

भारताची स्थिती वेगळी आहे, निदान अजून तरी. यिट्रियम-९० चे अर्धायुष्य ६४ तासांचे. परदेशातून निघालेला डोस विमानात आणि जकातीच्या गोदामात विझत येतो. म्हणून अणुभट्टी जवळ असणे हीच येथे मोठी शक्ती ठरते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यिट्रियमचे काचेचे मणी स्वतः विकसित केले. ‘भाभास्फिअर’ या नावाने ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात रुग्णांवर वापरले गेले. हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. प्रयोगशाळा सरकारी, अणुभट्टी सरकारी, रुग्णालय सरकारी. पेटंट आणि दलाल यांच्यावाचून प्रगती होत नाही असे सांगणाऱ्यांनी मुंबईतले हे अंतर एकदा मोजावे.

मात्र नुसत्या अभिमानाने भागत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचाही अभिमान होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या या कारखान्याने देशाला स्वतःचे पेनिसिलिन दिले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकून देणी भागवावीत आणि कारखाना खासगी खरेदीदाराला द्यावा असा निर्णय घेतला. ज्ञान आपले, पण आजारी पाडून विकण्याची हातोटीही आपलीच. खासगी उत्पादकाला सरसकट शत्रू मानण्याचे कारण नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडविलेली हृदयाची झडप १९९० पासून रुग्णांना बसविली जाते आणि ती चेन्नईची खासगी कंपनी आयात झडपेपेक्षा पुष्कळ कमी किमतीत बनविते. अटी काय घातल्या जातात, यावर सारे अवलंबून आहे.

अटी घातल्या तर काय होते, हे याच रोगात दिसले आहे. यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना मिळत असे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकाने सक्तीचा परवाना दिला आणि तीच मात्रा नऊ हजारांच्या आत आली. त्यानंतर कित्येक वर्षे सरकारला दुसऱ्या परवान्याचे धैर्य झाले नाही. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये २९,६०० रुपये ठरविण्यात आली. तोवर रुग्ण लाखाहून अधिक मोजत होता. स्टेंट बनविणारे त्यामुळे रस्त्यावर आले नाहीत.

हाडांच्या गोलकांचा प्रश्न तर थेट श्रमिकांचा आहे. यंत्रात सापडलेला पाय, रस्त्यावरचा अपघात, हाडात महिनोन् महिने मुरणारा पू. १९७०च्या दशकात युरोपात प्लास्टिकच्या मण्यांत प्रतिजैविक भरून ते हाडात ठेवू लागले. पण ते मणी काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. विरघळणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या मण्यांना ती लागत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे बुडालेला आणखी एक महिना आणि सावकाराची आणखी एक चिठ्ठी. गोलकांवर पेशी वाढवून त्या शरीरात सोडण्याची गोष्ट मात्र निराळी. ती अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहे, आणि मूळपेशींच्या नावाने गुडघे नवे करून देण्याच्या जाहिरातींना सध्या तरी लुबाडणूक म्हणावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तपेशींच्या मान्य प्रत्यारोपणापलीकडे मूळपेशींचा असा धंदेवाईक वापर अमान्य केला आहे.

सरकारी संशोधनाची पेटंटे घेऊन ती बाजारात नेण्याचे विधेयक अमेरिकेच्या १९८०च्या कायद्याच्या धर्तीवर २००८ मध्ये राज्यसभेत आले होते. २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. कायदा टळला तरी प्रयोगशाळांचे करार होतच असतात. अशा प्रत्येक करारात विक्रीची कमाल किंमत आणि सार्वजनिक रुग्णालयांचा राखीव हिस्सा लिहिलेला असावा. कंपनी विकली गेली तर परवाना आपोआप प्रयोगशाळेकडे परत यावा, हे कलमही ब्रिटनचा अनुभव पाहता अनिवार्य आहे. हे करार मागविण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे आणि अर्जाला दहा रुपये लागतात. पक्षाच्या मुंबई व पुणे शाखांतील आरोग्य आघाडीने पहिला अर्ज ट्रॉम्बेला करावा, दुसरा तिरुवनंतपुरमला.