मोडलेलं हाड आणि मिटवलेलं प्रकरण

आपल्या वस्त्यांमध्ये अपघात झाला की पहिल्या दोन तासांत जे होतं, त्याचा अभिमान वाटतो. कोणी रिक्षा थांबवतं, कोणी ट्रस्टची ॲम्ब्युलन्स बोलावतं, रक्तगटाचा मेसेज दहा ग्रुपवर फिरतो, हॉस्पिटलचं डिपॉझिट भरायला पोरं खिसे रिकामे करतात. मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी जे होतं ते पाहून वाईट वाटतं. टेम्पोमालकाकडून दोन माणसं येतात, सोबत वस्तीतलेच एखादे वजनदार चाचा. "पोरगा वाचला, अल्लाहचे शुक्र माना. कोर्टकचेरीत काय ठेवलंय? दहा-पंधरा हजार घ्या आणि मिटवून टाका." अम्मीच्या पर्समधले पैसे तोवर संपलेले असतात. स्टॅम्प पेपर आधीच टाइप होऊन आलेला असतो. "आमची काहीही तक्रार नाही" या ओळीखाली पोरगा प्लॅस्टर नसलेल्या हाताने सही करतो.

या सहीने नेमकं काय सोडून दिलं, हे त्या खोलीतल्या कोणालाच ठाऊक नसतं. चाचांनाही नसतं. त्यांची नियत बहुतेक वेळा चांगलीच असते.

कायद्यात 'गंभीर दुखापत' या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये तिचे आठ प्रकार दिले होते. आता तीच यादी भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये आहे. सातवा प्रकार हाड किंवा दात मोडणं, अथवा निखळणं हा आहे. डॉक्टर "साधं फ्रॅक्चर आहे, सहा आठवड्यांत जुळेल" म्हणाले, म्हणजे ती कायद्याच्या लेखी किरकोळ बाब होत नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये बदल झाले. भरपाईसंबंधीचे बदल 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. कलम 164 म्हणतं की मोटार वाहनामुळे गंभीर दुखापत झाली तर वाहनाचा मालक किंवा त्याची विमा कंपनी अडीच लाख रुपये देईल, आणि चूक कोणाची होती हे जखमीला सिद्ध करावं लागणार नाही. धडक देणारा पळून गेला, गाडीचा नंबरच मिळाला नाही, तर कलम 161 खालच्या योजनेत गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख आहेत. तो अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात जातो. तिसरी वाट कलम 166 ची. समोरच्याची चूक दाखवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात, झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई मागायची. इथे रकमेला वरची मर्यादा नाही. मात्र कलम 164 ची ठरावीक रक्कम विमा कंपनीकडून तडजोडीत स्वीकारली की 166 चा दावा संपतो. म्हणून कोणती वाट धरायची हे सही करण्याआधी वकिलाला विचारून ठरवावं.

166 खाली किती मिळू शकतं, याचा एक हिशेब करून पाहू. भिवंडीत यंत्रमागावर काम करणारा 24 वर्षांचा तरुण धरा, महिन्याची कमाई 15 हजार. पायात रॉड पडला, हाड जुळलं, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. बारा तास मागासमोर उभं राहणं आता जमत नाही. समजा न्यायाधिकरणाने त्याची कमावण्याची क्षमता 20 टक्क्यांनी घटली असं मानलं. वर्षाचे 1 लाख 80 हजार. वय चाळिशीच्या आत आणि पक्की नोकरी नाही, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईचे 40 टक्के त्यात मिळवायचे, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालाचं सूत्र. झाले 2 लाख 52 हजार. त्याचे 20 टक्के 50 हजार 400. या वयाला 2009 च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे 18 ने गुणायचं. उत्तर येतं 9 लाख 7 हजार 200. यात औषधपाणी, घरी बसलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, वेदना आणि उद्या रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च अजून धरलेला नाही. प्रत्येक फ्रॅक्चरला एवढं मिळत नाही. हाड नीट जुळलं आणि कायमचं अधूपण राहिलं नाही, तर हा गुणाकार लागत नाही, मुख्यतः खर्च, बुडालेली कमाई आणि वेदना यांचेच पैसे मिळतात. तरीही ती रक्कम स्टॅम्प पेपरवरच्या आकड्यापेक्षा बरीच मोठी असू शकते.

हे 20 टक्के कुठून आले, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण आपले दावे अनेकदा इथेच कमजोर पडतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल या विषयाचा पाया मानला जातो. राजकुमार चीज विकून पोट भरणारा माणूस. 1991 च्या अपघातात त्याच्या डाव्या पायाची दोन्ही हाडं आणि हाताचं एक हाड मोडलं. पायात 45 टक्के अपंगत्व असल्याचा दाखला त्याच्याकडे होता. न्यायालयाने सांगितलं की एका अवयवाचे टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे टक्के नव्हेत, आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईतली घट नव्हे. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास शंभर टक्के कमाई गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. राजकुमारच्या कमाईतली घट 20 टक्के धरली गेली. थोडक्यात, दाखल्यावरचा आकडा पुरेसा नाही. तुम्ही नेमकं काय काम करता आणि त्यातलं काय आता होत नाही, हे सांगावं लागतं. शिलाई मशिनचं पॅडल मारणाऱ्याचा घोटा, खाटीक भावाचं मनगट, फळांची हातगाडी ढकलणाऱ्या बागवानाचा खांदा, यांचा अर्थ आम्हा खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यांच्या घोट्या-मनगटाहून वेगळा आहे. (1991 चा अपघात आणि 2010 चा निकाल, ही दिरंगाई कोणाच्याही लक्षात येईल. तिच्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.)

"आमच्याकडे पगाराची स्लिप कुठे आहे?" हा प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येतो. रामचंद्रप्पा नावाच्या हमालाच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मजुराकडून उत्पन्नाच्या कागदपत्रांची अपेक्षा धरता येत नाही, आणि त्याने सांगितलेली महिना साडेचार हजारांची कमाई मान्य केली. आज तर आपल्या खिशात पुरावा आहे. यूपीआयवर येणारी मजुरी, डिलिव्हरी ॲपवरची दर आठवड्याची कमाई, शेठने व्हॉट्सॲपवर पाठवलेला हिशेब. याची प्रत अपघातानंतर लगेच काढून ठेवावी. ॲपवरचं खाते बंद झालं की जुना तपशील हाती येत नाही. घर सांभाळणाऱ्या बहिणींनी "मी कुठे कमावते" म्हणून मागे राहू नये. गृहिणीच्या श्रमाचं मोल धरलंच पाहिजे, हे 2021 च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात स्पष्ट आहे.

पोलीस ठाण्याची भीती आपल्याकडे आहे आणि ती हवेतून आलेली नाही. लायसन्स नसलेला किंवा हेल्मेट न घातलेला पोरगा असला की घरचे म्हणतात, जाऊच नको, आपल्यावरच उलटेल. लायसन्स नसल्याचा दंड होऊ शकतो, ते वेगळं. पण केवळ लायसन्स नव्हतं म्हणून जखमी अपघाताला जबाबदार ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सुधीरकुमार राणा प्रकरणात 2008 मध्ये सांगितलं आहे. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे 2011 च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निकालात आलं. हद्द कोणाची याची वाट न पाहता कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ठाण्याने घेतली नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. एकट्या जखमीने किंवा त्याच्या म्हाताऱ्या अब्बांनी जायची गरज नाही. दोन शिकलेले तरुण सोबत गेले की बोलण्याचा सूर बदलतो. 2022 च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पाळण्याचे निर्देश दिले. त्या अहवालांची प्रत मागताना आपण मेहेरबानी मागत नसतो.

पोलिसांपेक्षाही आधी कागद सुरू होतो तो दवाखान्यात. हाड मोडलं की हाडवैद्याकडे जाऊन पट्टी बांधायची सवय आपल्यात अजून आहे. हाड जुळतं की नाही हा डॉक्टरांचा विषय, पण हाडवैद्याकडे एक्स-रे नसतो आणि मेडिको-लीगल नोंदही नसते. मग तीन महिन्यांनी हे फ्रॅक्चर त्या अपघाताचंच, हे दाखवायला काही उरत नाही. केसपेपरवर "घरी पडला" असं लिहू देऊ नका. पोलीस टाळायला असं सांगणारे अनेक जण असतात आणि पुढे हाच शब्द विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो. खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नका. मे 2025 पासून केंद्राच्या योजनेत नेमलेल्या हॉस्पिटलांत अपघातानंतरचे पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळू शकतात.

आता दीनचा प्रश्न. अनेक प्रामाणिक तरुण विचारतात, विम्याचा पैसा घ्यावा का? जे झालं ते तकदीर, त्याचे पैसे मागणं सब्रच्या विरुद्ध नाही का? मी मुफ्ती नाही. पण आपलं फिकह उघडलं तर दुखापतीची भरपाई हा तिथे नीट मांडलेला विषय आहे. जिवाची दियत, जखमांचा अर्श. डोक्याला झालेल्या आणि हाड मोडणाऱ्या जखमेला, हाशिमाला, दहा उंट अशी बारकाईने मोजदाद आहे. आणि नकळत जीव गेला तर दियत एकट्या माणसाने भरायची नाही, त्याच्या आकिलाने, म्हणजे नातेसमूहाने मिळून भरायची. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात दीवानात एकत्र नोंदलेल्या लोकांवर ती जबाबदारी आली, आणि हनफी फिकहने तोच धागा पुढे नेला. एकाच्या चुकीचा भार अनेकांनी वाटून घ्यायचा, जेणेकरून जखमीच्या घरच्यांना हक्क मिळेल आणि चूक करणारा बुडणार नाही. थर्ड पार्टी विमा हुबेहूब तोच आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही पॉलिसी घेतलेली नसते, पैज लावलेली नसते. समोरच्यावर तुमचं देणं आहे आणि कायद्याने ते त्याच्या विमा कंपनीमार्फत चुकवायची सोय केली आहे. माफ करण्याचा अधिकारही तुमचाच आहे, पण माफी देणाऱ्याला आपण काय माफ करतोय ते माहीत असावं. गरीब टेम्पोवाल्याची दया येत असेल तर हेही लक्षात घ्या की विमा चालू असेल तर पैसे सहसा त्याच्या घरातून जात नाहीत. लायसन्स नसणं अशा कारणांनी कंपनी नंतर त्याच्याकडून वसूल करू शकते, ते वेगळं.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. स्वतःच घसरून पडलात, दुसरं वाहन नव्हतं, तर थर्ड पार्टी दावा होत नाही. गाडीच्या पॉलिसीतलं मालक-चालकाचं 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मृत्यू आणि मोठ्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे, जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी नाही.

आणि मुदत. नव्या कायद्याने 166 चा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, उशिराचे दावे तेवढ्यावरून फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही 2025 मध्ये आला. पण त्या भरवशावर राहू नये. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर पडलेला मालेगावचा तरुण आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात जाऊ शकतो. हॉस्पिटलच्या दारात उभे राहणारे, "तीस टक्के आमचे" म्हणून कोऱ्या वकीलपत्रावर सही घेणारे एजंट टाळा. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. 15100 वर फोन केला की विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे वकील मोफत मिळतो.

आपल्या शहरांतल्या ज्या जमाती, ट्रस्ट आणि तरुण मंडळं ॲम्ब्युलन्स चालवतात, त्यांच्यासमोर या अंकातून एक मागणी ठेवतो आहोत. प्रत्येक ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचरसोबत एक प्लॅस्टिकची फाइल ठेवा. तिच्यात पहिल्याच दिवशी गाडीच्या नंबरचा फोटो, मेडिको-लीगल नोंदीचा नंबर, एक्स-रे आणि प्रत्येक औषधाचं पक्कं बिल जाईल. फाइलच्या कव्हरवर अपघाताची तारीख आणि त्याच्या खाली सहा महिन्यांनंतरची तारीख ठळक लिहा. मंडळातल्या एका पोराकडे त्या फाइलची जबाबदारी द्या, आणि समझोत्याचा कागद घेऊन कोणी आलं तर सहीआधी त्याला फोन जाईल, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.