मोंढ्यातला गुडघा, जिममधला गुडघा

या आठवड्यात तोच जुना सल्ला मोबाइलवर फिरत फिरत पुन्हा आमच्या पोखर्णी गावापर्यंत आला: स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला की कामातून गेला, आणि दुखू लागला तर वजन कायमचं सोडा. यातल्या पहिल्या भागाची तपासणी २००३ मध्येच झाली आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी सात तरुणांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून त्यांना बारबेलसह बसायला लावलं. गुडघ्यावरचा पिळाचा जोर पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त घटला, पण खुब्यावरचा दहा पटींच्या वर गेला आणि पाठ पुढे झुकली. भार कुठेच नाहीसा झाला नाही, फक्त कमरेकडे सरकला. दुखऱ्या गुडघ्याला चार दिवस उसंत म्हणून गुडघा मागे ठेवण्याची ही युक्ती ठीक. जन्मभराचा नियम म्हणून नव्हे.

दुसऱ्या भागासाठी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जावं. दहा टनांचा ट्रक म्हणजे पन्नास किलोची दोनशे पोती. चौघा हमालांच्या टोळीत प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास. जिममधला पोरगा पन्नास किलोच्या बारबेलनं आठ-आठचे पाच सेट मारतो, म्हणजे चाळीस बैठका. जवळपास एका ट्रकाचाच हिशेब! पण पोरगा सेटच्या मध्ये तीन मिनिटं बसतो, दुखलं तर प्लेट उतरवतो आणि पुन्हा पायांचा व्यायाम तीन दिवसांनी करतो. सोयाबीनच्या हंगामात हमालापुढे लगेच दुसरा ट्रक लागतो, उद्या तिसरा. मजुरी पोत्यावर असल्यानं थांबणं म्हणजे पैसे बुडणं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतही (१९९१) ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणं आणि अंगमेहनत दोन्ही होती, त्यांच्यात उतारवयात गुडघ्यांची झीज ठळकपणे जास्त आढळली. ओझं तेच असलं तरी विश्रांती आणि मात्रा ठरवण्याचा हक्क कुणाकडे आहे, यावर गुडघ्याचं भवितव्य ठरतं.

यावर वाचक १९९५ चा फिनलंडचा अभ्यास पुढे करतील. निवृत्त खेळाडूंपैकी वेटलिफ्टरांत ३१ टक्के जणांच्या गुडघ्यांत झीज दिसली, नेमबाजांत अवघी ३ टक्के. आकडे खरे आहेत. पण ते राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवर वर्षानुवर्षं कमाल वजन उचलणारे होते, आणि त्यांच्या झिजेचा संबंध तरुणपणीच्या भारी देहाशीही लागला. त्याच अभ्यासात फुटबॉलपटूंचं प्रमाण २९ टक्के होतं. म्हणून फुटबॉल सोडा, असं कुणी सांगत नाही. बदनामी फक्त लोखंडाच्या वाट्याला!

शरीराचं गणित असं की स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेला महिने लागतात, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. तिचं पोषण हालचालीवर आणि भारावर चालतं. म्हणून दर सोमवारी प्लेट वाढवणाऱ्याचा गुडघा कुरकुरतो, आणि म्हणूनच पूर्ण आराम हे औषध नव्हे. वजन निम्म्यावर आणा, दुखत नाही तितकंच खाली बसा, उतरताना सावकाश उतरा. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालं, तर मात्रा बरोबर; वाढलं तर वजन आणखी उतरवा. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. जत्रेतलं तेल, जाहिरातीतला पट्टा आणि डब्यातली पावडर यांनी खिसा हलका होतो. माझ्या मते गुडघ्यावरचा भार काही हलका होत नाही. आखाड्यातले वस्ताद पोराच्या बैठका हळूहळू चढवत नेत, हे आजच्या रीलबहाद्दरांना कोण सांगणार?

हमालाला मात्र ‘वजन कमी कर’ म्हणणं ही थट्टा आहे. त्याचं वजन गोणीवर छापूनच येतं. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला क्विंटलाचं पोतं पन्नासवर आणण्यासाठी लढावं लागलं. २०१८ मध्ये युरियाची गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोची झाली, तीही खताचा वापर घटावा म्हणून, हमालाच्या गुडघ्यासाठी नव्हे. म्हणजे सरकारच्या मनात आलं की गोणी हलकी होते. मग धान्याची, सिमेंटची, डीएपी खताची पन्नासवरच का अडली आहे? व्यायाम करणाऱ्याच्या गुडघ्याला सल्ला पुरतो. हमालाच्या गुडघ्याला नियम लागेल.