वीस मिनिटं त्याची!

कुत्रा पाळलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काय मजा आहे लेकाची! ना सबमिशन, ना व्हायवा. नुसतं खायचं आणि झोपायचं." पी.एल.मध्ये तर मलाही आमच्या ब्रूनोचा मनापासून हेवा वाटतो. पण हे झालं आपलं मत. जरा त्याच्या बाजूने दिवसाचं टाइमटेबल मांडून बघा.

सकाळी वीस मिनिटं फिरणं. मग डब्यांची घाई, एकेक करून सगळे बाहेर, दार बंद. त्यानंतर सात-आठ तास तो आणि फरशी. लिफ्ट थांबली की कान टवकारायचे, पावलं शेजारच्या दाराकडे वळली की पुन्हा मान टाकायची. संध्याकाळी सगळे परत येतात आणि जो तो आपापल्या मोबाइलला चिकटतो. रात्री परत वीस मिनिटं. संपला दिवस! म्हणजे आपल्याला जी सुट्टी वाटते ती खरं तर वाट बघायची ड्युटी आहे. त्यात त्याच्या स्वतःच्या मालकीचा वेळ किती? जेमतेम चाळीस मिनिटं.

आणि त्या चाळीस मिनिटांचं आपण काय करतो? एका हातात साखळी, दुसऱ्या हातात मोबाइल. तो एखाद्या खांबापाशी थांबला रे थांबला की "चल ना, काय सारखं हुंगतोस!" आणि एक हिसका. आता बघा, आपल्या नाकात वास टिपणारे रिसेप्टर साधारण पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, तीस कोटींपर्यंत! कोण इथून गेलं, ओळखीचं की नवखं, नर की मादी, हे सगळं त्याला त्या खांबावर कळतं. इंटर्नलचे मार्क लागलेत, तुम्ही गर्दीतून नोटीस बोर्डापर्यंत पोहोचलात आणि आपला रोल नंबर सापडायच्या आत कुणी कॉलर धरून मागे खेचलं, तर कसं वाटेल? त्याला हे रोज दोनदा वाटत असणार.

आपला प्रॉब्लेम हा आहे की आपण त्याचं जग आपल्या स्पेसिफिकेशनवर डिझाइन करतो. सीडीचं सँपलिंग ४४.१ किलोहर्ट्झला ठरलं, कारण माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. कुत्र्याचा कान ४५ किलोहर्ट्झच्या आसपास पोहोचतो. तेव्हा आपल्याला शांत वाटणारं घर त्याला शांत असेलच असं नाही, आणि दिवाळीत सोफ्याखाली शिरणारा कुत्रा नाटकं करत नसतो. हिरवळीवर आपण हौसेने लाल बॉल फेकतो. त्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. तो बॉल नाकाने शोधतो आणि आपण म्हणतो, "वेंधळाच आहे!"

तीच गोष्ट अपराधी चेहऱ्याची. बूट कुरतडलेला असतो, हा मान खाली घालून बसतो आणि घरचे म्हणतात, "बघा, स्वतःला माहितीये!" ॲलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हेच तपासलं. तो चेहरा गुन्ह्यामुळे होत नाही, मालक रागावला की होतो. कुत्र्याने काही केलेलं नसलं तरीही! बूट कुरतडण्यामागे सूड वगैरे काही नसतं. बऱ्याचदा आठ तासांचा कंटाळा आणि एकटेपणा असतो.

कायद्याचंही ऐका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा चक्क गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड? दहा ते पन्नास रुपये. लायब्ररीची लेट फी याहून जास्त होते! तेव्हा कायदा येऊन त्याला फिरवेल या भरवशावर राहू नका.

कुणी म्हणेल, "आई-बाबांची नोकरी, आमचं कॉलेज, क्लास, वेळ आणायचा कुठून?" प्रश्न बरोबर आहे. पण आहे ती वीस मिनिटं तरी खरोखर त्याची असू देत. मोबाइल खिशात, साखळी सैल, आणि निदान परतीच्या वळणापर्यंत रस्ता त्याला ठरवू दे. उन्हाळ्यात दुपारी न्यायचं असेल तर आधी आपला तळहात डांबरावर ठेवून बघा, कारण त्याला चपला नसतात. आणि हो, त्याने केलेली घाण कागदात उचला. तुमचा राग सोसायटीवाले त्याच्यावर काढतात.

आणि ज्यांना वाढदिवसाला कुणाला तरी गोंडस पिल्लू गिफ्ट द्यायचंय त्यांना एकच सांगणं. लॅब्रेडॉर दहा-बारा वर्षं जगतो. आपलं इंजिनिअरिंग चार वर्षांचं (केटी लागली नाही तर!). पुढे कुणी बंगलोरला, कुणी एम.एस.ला. जुलैच्या पावसात सकाळी सहाला त्याला खाली कोण नेणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. नाव सुचत नसेल तर पिल्लू आणू नका. टेडी बेअर आणा, त्याला कुणाची वाट बघावी लागत नाही.