पगार कागदावर आला म्हणून उपचार जात नाहीत

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. दोन-तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला इस्लामपूरच्या एमआयडीसीत काम मिळतं आणि घरात आनंदाऐवजी धास्ती शिरते. "ताई, पगार कागदावर आला तर पिवळं कार्ड जाईल. मग ह्यांचं डायलिसिस कसं व्हायचं?" ठेकेदाराला हेच हवं असतं. तो म्हणतो, नाव लावू नको, रोख घे. बाई हो म्हणते. पुढे कधी मशीनमध्ये बोट जातं, आणि तेव्हा कळतं की कागदोपत्री आपण त्या कारखान्यात कधी कामालाच नव्हतो.

भीती अगदीच बिनबुडाची नाही. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा ती पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती. २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आणि कुटुंबामागे वर्षाची मर्यादा पाच लाखांवर गेली. उत्पन्न वाढून कार्डाचा रंग बदलला तर धान्य बंद होऊ शकतं, त्याचा हिशेब घरात बसून करावाच. पण डायलिसिस रंगावर अडत नाही. रेशन कार्ड चालू ठेवा, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना ते बघा. आमच्या अनुभवात माणसं अडतात ती नावाच्या चुकीवर.

आता ईएसआय. कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर हा आपला हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. बारा हजार पगारातून आपले कापले जातात ९० रुपये, मालक भरतो ३९०. ठेकेदार नेमके कुणाचे पैसे वाचवतो ते यावरून कळावं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार झाला आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. तोच हक्क आपण नव्वद रुपयांसाठी सोडून देतो, याचं आम्हाला वाईट वाटतं.

साधे उपचार नोंदणी झाल्यापासून मिळतात. आजारपणाच्या रजेचा पैसा मात्र सहामाहीत ७८ दिवस वर्गणी भरल्यावर, आणि मोठ्या सुपरस्पेशालिटी उपचारांनाही आधी काही महिन्यांची वर्गणी लागते. म्हणून या सुरुवातीच्या महिन्यांत फुले योजनेचे कागद कपाटात टाकू नका. काम सुटलं तरी लगेच सगळं संपत नाही: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. आमच्या बायांची कामं सुटतात-लागतात, त्यामुळे हे तोंडपाठ असलेलं बरं.

सरकारकडे आमचं मागणं साधं आहे. कामावर घेतानाच बाईच्या हातात मराठीत एक कागद द्या: काय चालू राहील, काय बंद होईल, कधीपासून. आज हे सांगायला कुणी नाही, म्हणून ठेकेदार सांगतो.

या पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात बसणार आहोत. रेशन कार्ड, आधार आणि असेल तर पगाराची चिठ्ठी घेऊन या. विमा क्रमांक पडला आहे की नाही ते तिथेच पाहू.