फोटो काढून बाजार जगत नाही

परवा नातीला घेऊन सावंतवाडीला जाण्याचा योग आला. नात पुण्याची, वय वर्षं अकरा. मालवणात चार दिवस समुद्र आणि मासे झाल्यावर तिला 'काहीतरी वेगळं' हवं होतं. सकाळची एस.टी. धरली, कुडाळमार्गे सावंतवाडी, आणि संध्याकाळी परत. एवढीच सहल.

सावंतवाडी मला नवी नाही. 1970च्या आसपास मी तिथल्या श्री पंचम खेमराज महाविद्यालयात बी.ए. केलं आणि नंतर काही वर्षं त्याच गावात मास्तरकी केली. त्यामुळे मोती तलावाच्या काठाने चालताना माझं तोंड बंद होत नव्हतं. इथे हे होतं, तिथे ते होतं... नात बिचारी ऐकत होती.

राजवाडा पाहिला, उभा बाजार पाहिला आणि चितार आळीत शिरलो. लाकडी फळं, भातुकली, भोवरे, पाट, चौरंग, रंगीत पाळणे. आळी अजून आहे, पण पूर्वीसारखी भरलेली नाही. जिथे पूर्वी उंबऱ्यावर बसून रंगकाम चालायचं तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "काय होता हा बाजार! सरकारने काहीतरी करायला हवं."

हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. आपण ब्लॉग लिहिणारे तर वर्षातून दोनदा लिहितो. आज त्याच वाक्याशी मला भांडायचं आहे.

बाजार का ओसरला याची नेहमीची कारणं आधी बघू. पहिलं, रस्ता आणि रेल्वे. हे खरं आहे. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी गावातून जायचा. आता झाराप-पत्रादेवीच्या नव्या रस्त्याने गाड्या बाहेरच्या बाहेर गोव्याला जातात. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण सावंतवाडी रोड स्टेशन आहे मळगावला, गावापासून काही किलोमीटर लांब. येताजाता सहज थांबणारं गिऱ्हाईक असं दोन्हीकडून गेलं. पण हायवेने नेलं ते परगावचं गिऱ्हाईक. सिंधुदुर्गातली माणसं कुठे गेली? आपण तर इथेच होतो ना?

दुसरं कारण चिनी प्लास्टिक. हेही खरं. पण ते प्लास्टिक कुणी जबरदस्तीने आपल्या पिशवीत घातलं नाही. याच नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या आजोबांनी, म्हणजे मीच, बॅटरीवर चालणारी मोटार आणली होती. आठवड्यात बंद पडली. चितार आळी तेव्हाही होतीच. मी गेलो नाही.

आम्ही एका दुकानात बसलो असताना एक कुटुंब आलं. चांगली माणसं होती, वाईट बोलण्याचा हेतू नाही. सगळ्यांनी लाकडी फळांच्या टोपलीबरोबर फोटो काढले, 'किती सुंदर, किती जुनी कला' वगैरे म्हटलं. मग एका भोवऱ्यावरून वीस रुपयांची घासाघीस झाली आणि भोवरा न घेताच मंडळी उठली. जाता जाता दुकानदारालाच विचारलं, "इथे थाळी चांगली कुठे मिळते?" सुरमईच्या थाळीचे पैसे देताना आपण घासाघीस करतो का? नाही. मग जे हातांनी कातून, घासून, रंगवून केलं त्याचीच किंमत आपल्याला जास्त का वाटते?

आता गंजिफाचं बघा. दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटायचं, मग एकेक पान हाताने रंगवायचं आणि शेवटी लाख. ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. ती वाचली कशी? शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गावातल्या एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि त्यांना काम दिलं. राजवाड्यातली माणसं चिताऱ्याच्या हाताखाली शिकली, हे मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं. आदर असा दाखवायचा असतो. आपण मात्र 'ठेवा', 'वारसा' असे शब्द वापरतो आणि पुढे जातो.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. टाळणार होतो, पण लिहितो.

आळीतून बाहेर पडताना एकाने हाक मारली. माझा जुना विद्यार्थी. मुंबईत कारकुनी करून निवृत्त झाला आणि घरी परतला. त्याचे वडील चितारी होते. दुकानाचा गाळा आता भाड्याने दिला आहे. मी पुन्हा तेच म्हटलं, "अरे, बाबांचं दुकान चालवायचं होतंस!" तो हसला.

"गुरुजी, तुमीच सांगलास मा? 'बाबाच्या रंगात हात घालू नको, गणिताक बस' म्हणान."

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. त्याच्या बोटांना रंग लागलेला असायचा म्हणून मी त्याला वर्गासमोर उभं केलं होतं, हेही मला आठवलं. त्याने ते काढलं नाही. पुढे एवढंच म्हणाला, "रंग कसो करुचो ता अजून ठावक हा. पण हात चलणा नाय."

कुणी म्हणेल, मास्तर, मग चिताऱ्याच्या मुलाने चितारीच व्हायचं का? जातीचा धंदा जातीला चिकटवून ठेवायचा? मुळीच नाही. त्याला नोकरी मिळाली, त्याची मुलं शिकली, याचा मला आनंदच आहे. माझं चुकलं ते वेगळंच. मी त्याला गणित शिकवलं ते बरोबर, पण त्याबरोबर बापाच्या कामाची लाज शिकवली. आणि उरलेल्या चाळीस मुलांना, ज्यांचे बाप चितारी नव्हते, कुंचला कधी हातात दिलाच नाही. चित्रकलेचा तास आम्ही मास्तर लोक हक्काने गणिताला आणि इंग्रजीला घ्यायचो. त्यातली चार मुलं जरी रंगवायला शिकली असती तर कला एका आळीच्या गळ्यात राहिली नसती. आणि चाळिसांना तिची किंमत कळली असती, म्हणजे गिऱ्हाईकं झाली असती. आज आम्हीच विचारतो, कारागीर कुठे गेले?

सरकारने करायचं ते करावं, त्याला माझी ना नाही. पण तलावाकाठी आणखी एक सेल्फी पॉइंट झाला म्हणून आळीतल्या माणसाची चूल पेटत नाही. बाजार म्हणजे विकत घेण्याची जागा. कुणी घेतलं नाही तर उरतात नुसती जुनी घरं.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. यापुढे माझ्याकडून बारशाला आणि वाढदिवसाला लाकडीच खेळणं येईल. नाक मुरडू नका. आणि तुम्ही सावंतवाडीला गेलात तर फोटो जरूर काढा, पण आधी काहीतरी विकत घ्या. हे इथेच केलंय का, कुणी केलंय, हे विचारा. सांगतील ती किंमत द्या.

नातीने एक भोवरा आणि लाकडी फळांची टोपली घेतली. एस.टी.त कुडाळपर्यंत भोवरा हातातच होता. फिरवायचा कसा, ते मला पुन्हा आठवावं लागलं.

असो. लांबलं बरंच. त्या विद्यार्थ्याची माफी मागायची राहून गेली. पुढच्या खेपेला मागणार आहे.