परदेशातल्या 'इंटरनॅशनल' शाळेत शिक्षकाची नोकरी: जाहिरातीतल्या पगारामागचा हिशोब काय?

'दुबईतल्या शाळेत शिक्षक हवेत, बी.एड. पुरेसं, पगार लाखाच्या पुढे.' अशा आशयाचे मेसेज शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून फिरत असतात. त्यातलं सगळंच खोटं नसतं. पण जाहिरातीत जो आकडा दिसतो आणि महिनाअखेरीस जो हातात उरतो, त्यात बरंच अंतर असतं. हे अंतर कशामुळे पडतं, ते समजून घेऊया.

मागणी खरंच आहे का?

हो, आहे. जगभरात आज १४ हजारांहून जास्त आंतरराष्ट्रीय शाळा आहेत. एकट्या दुबईत सव्वादोनशेच्या आसपास खासगी शाळा असून त्यांत साडेतीन लाखांहून अधिक मुलं शिकतात. २०३३ पर्यंत किमान १०० नव्या खासगी शाळा सुरू करण्याचं उद्दिष्ट दुबईने ठेवलंय. शाळा वाढल्या की शिक्षक लागणारच.

इकडे महाराष्ट्रातली परिस्थितीही लक्षात घ्या. शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी म्हणजे 'टेट' २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये. नोकरी मिळाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यावरही हे मानधन १६ ते २० हजार रुपये आहे. अशा वेळी आखाती देशांकडे डोळे लागले, तर नवल नाही.

मग सगळ्यांना सारखा पगार का मिळत नाही?

कारण 'इंटरनॅशनल स्कूल' हा एकच बाजार नाही. दुबईत सीबीएसईच्या शाळा आहेत, ब्रिटिश, अमेरिकन आणि आयबीच्याही आहेत. भारतीय अभ्यासक्रमाच्या परवडणाऱ्या शाळांची वर्षाची फी काही हजार दिरहम असते. महागड्या ब्रिटिश शाळांची फी लाख दिरहमच्या घरात जाते. शिक्षकांचे पगार याच फीमधून निघतात. शाळांना फीही मनाला येईल तशी वाढवता येत नाही. २०२५-२६ साठी दुबईने ही मर्यादा २.३५ टक्के ठेवली होती. त्यामुळे कमी फीच्या शाळेत पगारवाढीलाही फारशी जागा उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे पात्रता. ब्रिटिश शाळा सहसा तो अभ्यासक्रम शिकवलेल्या किंवा क्यूटीएस हा इंग्लंडचा शिक्षक दर्जा असलेल्या उमेदवाराला पसंती देतात. २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या गणित, विज्ञान आणि भाषा विषयांच्या शिक्षकांना या दर्जासाठी अर्ज करता येतो. सीबीएसईच्या चौकटीतून बाहेर पडायचं असेल, तर ही वाट उपयोगी आहे.

ऑफर लेटरमध्ये काय पाहायचं?

एकूण पगाराच्या आधी मूळ पगार पाहा. संयुक्त अरब अमिरातीत ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार मिळतो.

समजा, दोन शिक्षिकांचा एकूण पगार ५ हजार दिरहमच आहे. पण एकीचा मूळ पगार ४ हजार, तर दुसरीचा फक्त २ हजार आणि उरलेले भत्ते. तीन वर्षांनी नोकरी सोडताना पहिलीला ८,४०० दिरहम मिळतील, दुसरीला ४,२००. काम तेच, पगार तोच, रक्कम मात्र निम्मी.

मग घर. शाळा राहायची सोय करते की भत्ता देते? खोली स्वतंत्र की वाटून घ्यायची? कुटुंबाला सोबत न्यायचं असेल, तर तिथल्या नियमानुसार किमान ४ हजार दिरहम पगार किंवा ३ हजार आणि घर, अशी अट आहे. मुलांच्या फीमध्ये सवलत आहे का, हेही लेखी घ्या.

एजंटला पैसे द्यायचे का?

इथेच सर्वाधिक फसवणूक होते. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटलाच परदेशी नोकरीसाठी भरती करता येते. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करायलाच बंदी आहे.

पण एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. दहावी पास व्यक्तीला आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी उत्प्रवासन मंजुरी लागत नाही. ही सोय असली, तरी त्यामुळे शिक्षकांचा करार सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जात नाही. तो तपासण्याची जबाबदारी शिक्षकावरच येऊन पडते. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, नंतर वर्क व्हिसा करू' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

तयारी कधी सुरू करायची?

कागदपत्रांना वेळ लागतो. अमिरातीसाठी पदवी आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित करावी लागते. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल करारात आल्याने तिथली प्रक्रिया सोपी झालीय. पदवी दूरशिक्षणातून घेतली असेल, तर ती चालेल का हे शाळेला आधीच विचारा.

अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि अमेरिकन ऑगस्टअखेरीस. म्हणजे दिवाळीनंतर अर्ज करायला लागलेलं बरं.

आणि इथली कायम नोकरी सोडून जाणार असाल, तर दिरहमचे रुपये करून खूश होण्याआधी घरभाडं, जेवण, विमान तिकीट आणि घरी पाठवायची रक्कम वजा करा. उरलेल्या आकड्याची तुलना इथल्या बचतीशी करा. निर्णय त्यावरून घ्यायचा, जाहिरातीतल्या आकड्यावरून नाही.