बागेतला अबोला

आपल्या धर्मग्रामांत विवाहेच्छू तरुण-तरुणींसाठी मार्गदर्शन शिबिरे भरतात. त्यांतील व्याख्यानांत एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. पुरुष हा जात्याच अबोल आणि स्त्री ही जात्याच बोलकी. पुरुष अडचणीत सापडला की आपल्या गुहेत शिरतो. त्याला तेथे एकटे राहू द्यावे, मन निवले की तो आपणहून बाहेर येईल. जॉन ग्रे या अमेरिकन लेखकाने १९९२ साली पुरुषांना मंगळावर आणि स्त्रियांना शुक्रावर बसविणारे एक पुस्तक लिहिले. ही गुहा तेथूनच आमच्या वसईच्या सभागृहांत येऊन पोहोचली आहे. अलीकडे तिला निसर्गाचीही जोड मिळाली. घरात कटकट झाली तर समुद्रावर जाऊन बसा, झाडांच्या सावलीत मौन धरा, निसर्ग तुमचे मन शांत करील, असा हा उपदेश आहे.

या दोन्ही उपदेशांस आमचा विरोध आहे. निसर्गात शांती नाही असे आम्ही म्हणत नाही. ती कोणाला मिळते आणि कोणाच्या श्रमावर मिळते, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यातील ज्येष्ठांना वाडी म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. केळीचे लोंगर, पानवेलीचे मांडव, मोगऱ्याचे वाफे. पावसाचे पाणी साठवून आसपासच्या विहिरींना गोडे ठेवणारी बावखळे. आणि विहिरीवर बैलांच्या पावलांनी फिरणारा रहाट. या वाडीत निसर्ग पाहण्यासाठी कोणी जात नसे. सारे कामासाठी जात. रहाट कोणी हाकायचा, पाणी कोणत्या वाफ्याला आधी सोडायचे, दारे कोणी मोडायचे, हे नवरा-बायकोला एकमेकांशी बोलल्यावाचून ठरविताच येत नव्हते. शिवाय पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन मुंबईस जाणारी ती होती. काल दादरला कोणती फुले पडून राहिली, कोणत्या भाजीला गिऱ्हाईक होते, ही माहिती तिच्याकडेच असे. पुढच्या हंगामात काय लावायचे हे ठरविताना नवऱ्याला तिचे ऐकणे भाग होते. त्यासाठी शुक्रावरची भाषा शिकावी लागत नव्हती. ज्याला 'जातीचा अबोल' म्हणतात तो पुरुष बांधावर उभा राहून तास तास बोलत असे, कारण बोलण्यासारखे काही दोघांच्या मध्ये होते.

आम्ही जुन्या काळाचे गोडवे गात आहोत असे मात्र कोणी समजू नये. त्या टोपलीचे पैसे बहुतेक घरांत सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या हाती पडत. वाडीत राबणारे हात तिचे आणि सातबाऱ्यावरचे नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट तेव्हाही होती. वाडी पिकत होती तोवर हे अंतर झाकून राहिले. जमिनीला भाव आला तेव्हा ते उघडे पडले.

जमिनी विकल्या गेल्या तो काळ वाचकांनी आठवून पाहावा. बिल्डरचा माणूस ओट्यावर बसे, चहा आतून येई, आणि चहा करणारीला व्यवहार काय ठरला ते इसाराचे पैसे घेतल्यानंतर कळे. कित्येक घरांत तेही शेजारणीकडून कळले. हरित वसईच्या लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन आमच्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. मोर्चात घोषणा देणाऱ्या त्या स्त्रीला तिच्या घरच्या वाडीबद्दल किती घरांत विचारले गेले, हे मात्र आपण सांगत नाही. सार्वजनिक वाडी वाचविण्यासाठी तिचा आवाज हवा होता. खाजगी वाडी विकताना तो नको होता.

मुलींची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे व मुली यांना समान, असा वाटा आहे. मुलीला कायद्याने काही नाकारलेले नाही. मग एके दिवशी भाऊ माहेरपणाचे निमित्त काढून बोलावतो, जेवण होते, आणि पानाच्या तबकाबरोबर हक्कसोडपत्र पुढे येते. तीस वर्षांत भावाबहिणीत वाडीविषयी झालेले एकमेव संभाषण म्हणजे 'येथे सही कर' हे तीन शब्द. आमच्यात बायकांना फार बोलायला लागते, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे शब्द मोजावेत.

याच महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत पुरुषांना आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करण्याचे आवाहन केले. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी ते मानले. त्यांपैकी कोणीही विवाहाचे शिबिर केलेले नव्हते.

पवित्र शास्त्राचा आधार घेऊन आमचे तोंड बंद करणारेही भेटतात. 'आदामाने बायकोचे ऐकले म्हणून एदेन गेले' हे त्यांचे आवडते वाक्य. उत्पत्तीचा तिसरा अध्याय त्यांनी पुन्हा एकदा सावकाश वाचावा. सर्प हव्वेशी बोलतो तेव्हा आदाम तिच्याजवळच आहे, आणि तो एक अक्षर बोलत नाही. किंबहुना त्या साऱ्या कथेत आदाम हव्वेला उद्देशून काही बोलल्याची नोंदच नाही. तिला प्रथम पाहतो तेव्हा तो तिच्याविषयी बोलतो. फळ खाऊन झाल्यावर देवाकडे पुन्हा तिच्याविषयीच बोलतो, पण तेव्हा तक्रार करतो. एवढी रम्य बाग, चार नद्यांचे पाणी, आणि त्यात हा अबोला! निसर्गाचे सान्निध्य पुरेसे असते तर ते एदेनमध्ये पुरले असते. बायकोचे ऐकण्यात पाप असेल, तर त्याच ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात देव अब्राहामाला सारेचे ऐकण्यास सांगतो त्याचे काय करावयाचे? (त्या प्रसंगात हागारेच्या वाट्याला आलेले दुःख आम्ही विसरलेलो नाही. पण स्त्रीचे ऐकणे हाच दोष, हे तर्कट तेथे कोसळते, एवढे खरे.)

प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी शोमरोनी स्त्रीशी बोलत बसला, तेव्हा शिष्यांना आश्चर्य वाटले ते तो एका स्त्रीशी बोलत होता याचे. तोही थकलेला होता, योहान तसे स्पष्ट लिहितो. थकलेला पुरुष गुहेत जातो म्हणतात. हा विहिरीच्या काठावर बसून पाणी मागतो, तिचे प्रश्न ऐकतो, उत्तरे देतो. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मग्दालिया मरियेला तो प्रथम माळीच वाटला. आम्हां वाडीवाल्यांना या गैरसमजाचा थोडा अभिमानच आहे. त्याने तिला नावाने हाक मारली आणि सर्वांत मोठी वार्ता सांगण्याचे काम तिच्यावर सोपविले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. त्याच वर्षीच्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात त्यांनी पती-पत्नींच्या संवादासाठी स्वतंत्र परिच्छेद लिहिले. एकमेकांसाठी वेळ काढून धीराने ऐकणे हे शिकावे लागते, असा त्यांचा रोख आहे. जे शिकता येते ते पुरुषाच्या स्वभावातच नाही, असे म्हणता येत नाही.

आता त्या शांतीकडे वळू. रविवारी मिस्सानंतर कुटुंबे अर्नाळ्याच्या, कळंबच्या किनाऱ्याला जातात. सुरूच्या झाडाखाली चटई अंथरलेली असते. पुरुष समुद्राकडे पाहत शांत झालेला असतो. तिने पहाटे चारला उठून केलेल्या रोट्या आणि मटण डब्यांतून निघत असते, मुलांना पाण्यातून ओढून आणणे चालू असते, आणि संध्याकाळी खरकटी भांडी तिच्याबरोबर घरी परततात. त्या दिवशी निसर्गात दोघेही गेले होते. शांत होऊन एकटाच परतला.

शिबिरांच्या आयोजकांस आमची एक सूचना आहे. गुहेवरचे व्याख्यान वगळावे आणि त्या तासाला प्रत्येक जोडप्याने आपापल्या घरचा सातबारा आणावा. त्यावरची नावे दोघांनी मोठ्याने वाचावीत. कोणाचे नाव आहे, कोणाचे नाही, कोणी सही करून सोडले, कोणते बावखळ बुजविले आणि कोणाला विचारून, हे एकमेकांना सांगावे. घरी जमीन उरलीच नसेल तर फ्लॅटचा करार आणावा. त्यावरही नावे असतात. यातून लग्नाआधीच भांडणे होतील, असा आक्षेप येईल. येऊ द्या. बिल्डर ओट्यावर येऊन बसण्यापूर्वी ती झालेली आम्हांस चालतील.